नापास गुलाब

लग्न शनिवारी होतं,
आणि सोमवारपासूनच माझी नजर कडक झाली.

एकोणीस वर्षं कायाम्बेच्या या शेडमध्ये
मी गुलाबांना पास-नापास करते.
दांडा चाळीस सेंटिमीटर, पन्नास, सत्तर.
मान वाकडी नको, पाकळीवर डाग नको,
गारेचा ओरखडा तर नकोच नको.
पास झाला तो रात्रीच्या गार ट्रकातून विमानतळावर,
नापास झाला तो पिंपात.
पिंपातला कुणीही घरी न्यावा, असा रिवाज.

त्या आठवड्यात मला सगळ्यांतच खोट दिसू लागली.
हा जरा जास्तच लाल.
ह्याचं लक्ष नाही कामात.
ही कळी काहीतरी लपवतेय.
शेजारची रोसाउरा चकार शब्द बोलली नाही,
फक्त तिचंही पिंप भरू लागलं.
मग पलीकडच्या टेबलाचं.

नवरी माझी भाची, मारियुशी,
पाच नंबरच्या हरितगृहात कात्री चालवते.
नवरा विल्मर तुतिल्यो, तोच तो ट्रकवाला,
पाठीमागे चार अंशांची थंडी घेऊन फिरणारा,
बोलणंही तसंच, बेताचं.
झगा कितोहून भाड्याने आणला,
कोपरापर्यंतचे पांढरे हातमोजे त्याच्यासोबत फुकट.

बुधवारी बहिणीच्या ओसरीत बादल्या लावल्या.
दोन हजार असतील, मोजले नाहीत.
मोजणं म्हणजे पुन्हा कामच.
गुरुवारी पाहते तर कळ्या सैलावलेल्या.
शुक्रवारी आम्ही बायका नुसत्या उभ्या,
हातातल्या दोऱ्या हातातच.

कारण आम्ही गुलाब असा कधी पाहिलाच नव्हता.
आमच्याकडे असते ती मुठीएवढी घट्ट कळी.
ती उमलते दूर कुठेतरी, दुसऱ्यांच्या काचेच्या भांड्यात,
आपल्याला नाव उच्चारता येत नाही अशा गावात.
आणि इथे ओसरीत, शेंगदाण्याच्या पोत्याशेजारी,
तो बशीएवढा झालेला.
रोसाउराने नाक खुपसलं. वास नाही.
वासाचं आम्हाला ठाऊक होतं,
तरी तिने तीनदा हुंगून पाहिला.
मग बहिणीने परसातला सताप खुडून
प्रत्येक गुच्छात एक एक काडी खोचली.

चर्चमध्ये बाकांना गुलाब, खांबांना गुलाब,
संतांच्या पायांशी इतके की संत घोट्यापर्यंत बुडाले.
अंगठीच्या वेळी हातमोजा निघेना.
पाद्रीबाबा थांबले, बँडवाल्याने घसा खाकरला.
निघाला तेव्हा सगळ्यांना दिसला तो हात,
मनगटापर्यंत काट्यांनी गिरवलेला.
कुणी मान वळवली नाही.
त्या चर्चमध्ये दुसऱ्या कसल्या हातांची माणसं होती?

होती. एक होता.
इंजिनिअर बालारेसो, टाय लावून, शेवटच्या बाकावर.
आमंत्रण द्यावंच लागतं.
त्याने शेजारच्या खांबावरून एक फूल उपसलं,
सवयीने दांडा बोटांत धरला, वर खाली फिरवला.
सत्तर. सरळसोट. निष्कलंक.
मग त्याने माझ्याकडे पाहिलं.

मी गुडघ्यांकडे पाहिलं.
माझ्या गुडघ्यांवर काही लिहिलेलं असावं तसं वाचत बसले.
तेवढ्यात एक मधमाशी कुठूनशी आली
आणि त्याच्या हातातल्या गुलाबात शिरली, अगदी आत,
ढुंगण तेवढं बाहेर.
हरितगृहाच्या प्लास्टिकमधून आमच्याकडे माशी येत नाही;
गुलाबात तिच्यासाठी खोली असते
हे त्यालाही कुठे माहीत होतं.
तो हात न हलवता बसून राहिला,
अंगठ्या झाल्या, सह्या झाल्या,
बँड बाहेर वाजू लागला तरी.

नंतर जेवताना, भाजलेल्या कुईच्या ताटावर वाकून,
तो मला एवढंच म्हणाला,
"सोमवारी चष्म्याचा नंबर तपासून घ्या, दोन्या एल्विया."
मी म्हटलं, घेते.
आणि त्याच्या खिशातून डोकावणारं ते फूल
मी पास केलं.