काज

आठ तास मी गालिचे तपासते,
एर्देनेतच्या कारखान्यात, नळीच्या दिव्याखाली.
उलट्या बाजूवरून तळवा फिरवला की
सुटलेला धागा बोटाला आपसूक सापडतो.
डोळ्यांना चष्मा लागला, बोटं अजून तरुण आहेत.
तेरा वर्षांत माझ्या हाताखालून
एक खोट बाजारात गेलेली नाही.

आणि माझा तुवशिन, सहा वर्षांचा,
पेन्सिल मुठीत धरतो
फावड्याचा दांडा धरावा तशी.

शाळेतल्या बाई म्हणाल्या, आळशी आहे.
सासूबाई म्हणाल्या, बापावर गेलाय.
बाप तांब्याच्या खाणीत डंपर चालवतो,
त्यानं आपले हात उलटसुलट करून पाहिले.
मी काहीच म्हणाले नाही.
उणे अठ्ठावीसमध्ये, बस यायच्या आत,
त्याच्या कोटाची पाचही बटणं मीच लावायची.
तो हनुवटी वर करून उभा,
शिंप्याच्या दुकानातल्या पुतळ्यासारखा.

शुक्रवारी दुपारी देल्गरमाकडे.
इस्पितळाचा दुसरा मजला, हीटरचा पाइप खडखडतो,
टेबलावर तिचं दुकान मांडलेलं:
कपड्यांचे चिमटे, कणकेचा गोळा, बार्लीचे दाणे,
आणि मेंढीच्या घोट्याची हाडं,
जी आमच्या घराघरांत
एखाद्या पिशवीत खुळखुळत पडलेली असतात.
ती ह्याला खेळ म्हणते. मी व्यायाम म्हणते.
तुवशिन काहीच म्हणत नाही, चिमटा दाबतो.
चिमटा उघडत नाही.
जीभ मात्र ओठांच्या कोपऱ्यातून बाहेर येते
मदतीला आल्यासारखी.

चिमूटभर मीठ टाकताना
कोण मोजतं
अंगठ्याला तर्जनीपर्यंत किती चालावं लागतं.

तिसऱ्या शुक्रवारी देल्गरमानं मला हातमोजे दिले,
लोकरीचे, दोन जोड, एकावर एक,
आणि म्हणाली, आता तुमच्या कोटाचं बटण लावा.
मी हसले.
मग काज कुठे आहे तेच कळेना.
बटण होतं, हात होते,
मधे कुणी तिसरंच होतं.
मानेखाली घाम आला.
तो खुर्चीवरून पाय हलवत बघत होता.
हळूच म्हणाला,
"आई, घाई नको करू. घाई केली की ते निसटतं."

हे त्याला कधीपासून ठाऊक होतं?
मी विचारलं नाही. मोजे काढले,
घडी करून परत दिले.

आता आम्ही वीस मिनिटं आधी उठतो.
तरी बस दोनदा चुकली.
सुट्टीच्या दिवशी बाप जमिनीवर पालथा पडून
हाडांना टिचकी मारायला शिकवतो,
घोडा पडला, उंट पडला, ही बकरी.
तुवशिनची टिचकी अजून ढकलल्यासारखीच.
परवा मात्र एक मेंढी उडाली ती थेट कपाटाखाली.
बापानं टाळी वाजवली नाही.
"आता काढ," एवढंच म्हणाला,
आणि दोघं आडवे होऊन
अंधारात हात घालत बसले.

काल सकाळी चार बटणं लागली.
दुसरं गेलं तिसऱ्याच्या काजात,
मग पुढची सगळी त्याच्यामागून.
वर एक काज रिकामं, खाली एक बटण पोरकं,
छातीशी कोट फुगलेला.
माझे हात उठलेच.
तेरा वर्षांचे हात ते, त्यांना दुसरं काय येतं.
मी ते खिशात घातले.

बसमध्ये एक म्हातारी वाकली,
बाळा, कोट चुकलाय रे तुझा,
आणि तिनं मोजा काढून हात पुढे केला.
तो मागे सरकला.
"चुकलाय," म्हणाला, "पण मी लावलाय."

काचेवर बर्फाची साय.
माझ्या खिशात दोन मुठी,
त्याच्यासारख्याच, घट्ट.
शाळेचा थांबा येईपर्यंत
मी त्या उघडू दिल्या नाहीत.