सेकंडचा समुद्र

टॉवेल अंथरताना अव्वाने आधीच बजावलं,
चटणीचा डबा निळ्यावर ठेवायचा नाही.
शेंगा तेल सोडतात, निळा डाग धरतो.
म्हणून डबा वाळूवर, म्हणजे पिवळ्यात,
नारळाच्या झाडाच्या उजव्या अंगाला.

हिप्परग्याच्या तलावाला वाळू नाहीच.
काळी माती, वरून भेगाळलेली, आत लोण्यासारखी.
वेड्या बाभळी. पाणकणसं.
मागच्या गणपतीची उघडी पडलेली एक लाकडी चौकट,
तिच्यावर बसलेला खंड्या.
आणि पत्र्याची पाटी: पोहण्यास सक्त मनाई.
खाली कोळशाने कुणीतरी लिहिलंय,
जेवायला नाही.

'पाण्यात इथं कोण उतरत नाही, भाभी,
म्हशी सोडून,' टमटमवाला मौलाली म्हणाला,
आणि आम्ही बोलवायच्या आत येऊन बसला.

हा टॉवेल नान्नाने विणला.
कारखान्यातून सेकंडमध्ये मिळाला, तीस रुपयांत:
एक तार तुटली होती, त्यामुळे नारळाचं खोड
मधेच थांबतं आणि बोटभर वर पुन्हा सुरू होतं.
सत्तावीस वर्षं नान्ना असले किनारे विणतोय.
समुद्र त्याला पुठ्ठ्यावरच्या भोकांत पाठ आहे,
दोन सोडून एक, तीन सोडून एक, मग लाट.
पेट्या भरून जातात. कुठे, ते पेटीवर लिहिलेलं असतं,
पण ते वाचायचं काम पॅकिंगवाल्या बायकांचं.

कडक भाकरी मोडल्याचा आवाज पाण्यावरून
लांबपर्यंत गेला. दही, कांदा, अव्वाचा पुलिहोरा.
अंबादास भाऊजींनी दोन भाकऱ्यांनंतर पँट दुमडली,
'नुसते पाय भिजवतो' म्हणाले,
आणि तिसऱ्या पावलाला गुडघ्यापर्यंत गेले.
पाय आला. चप्पल नाही आली.
आम्ही इतकं हसलो की पलीकडचे चित्रबलाक
एकदम उठले, थोडं फिरून
पुन्हा तिथंच बसले, जागा राखून ठेवल्यासारखे.

श्रावंतीने विचारलं, 'ताता, तुला पोहता येतं?'
'नाही गं,' नान्ना म्हणाला,
'मला नंतरचं येतं. पुसायचं.'

ती पाण्याच्या कडेला जाऊन हात-पाय भिजवून आली,
चिखलाचे मोजे घालून.
घरी आम्ही पंचा वापरतो, सगळेच.
नान्नाने इकडे-तिकडे बघितलं,
सुपरवायझर असल्यासारखं,
मग टॉवेलचं टोक उचललं, निळ्या बाजूचं,
आणि तिची बोटं एकेक करून पुसली,
अंगठ्यापासून.
मग ओला भाग चिमटीत धरून दाबला,
उजेडात उलटा करून पाहिला.
'पाणी पितो,' म्हणाला. 'लूप बरा पडलाय.'
एवढंच. कौतुक होतं की तपासणी, कळलं नाही.

अव्वा मात्र गप्प बसली नाही,
काळी माती म्हणजे तेलापेक्षा वाईट, निघत नाही.

ऊन बाभळींच्या मागे गेलं तशी मौलालीने टमटम सुरू केली.
भाऊजींनी चपला मोजल्या,
सहा माणसं, अकरा.
नान्ना पुढे बसला, मांडीवर घडी घालून,
आणि वाटभर, जुना पुणे नाका येईपर्यंत,
ते तुटलेलं खोड त्याने
नखाने जोडून बघितलं.