हरकत क्रमांक चौदा

खानापूरच्या मिनी विधानसौधसमोर माझं दुकान:
एक टेबल, एक प्रिंटर, वर निळी ताडपत्री.
लोक मराठीत सांगतात, मी कन्नडात टाइप करते,
उत्तर येतं ते इंग्रजीत.
पानाला तीस रुपये.
वाचून दाखवायचे घेत नाही.

सातेरी गुंजीकर आला तेव्हा मी प्रिंटर झाकत होते.
कौलांच्या भट्टीवरची लाल माती कोपरापर्यंत तशीच.
स्टेशनलगत नऊ मजले होणार होते, खाली दुकानं,
फलाट पाच मिनिटांवर, म्हणजे गाडी लागायचीच नाही कुणाला.
चित्रात झाडं फार होती.
अहवाल सहाशे बारा पानांचा.
पान दोनशे एकेचाळीस:
प्रकल्पस्थळी पाणथळ जागा आढळली नाही.
पाहणीची तारीख बारीक अक्षरात, नऊ एप्रिल.

"एप्रिलात?" सातेरी हसला.
"एप्रिलात माझी म्हस बी तिथं लोळत नाही.
जुलैत ये म्हणावं त्याला. चप्पल हातात घेऊन ये."

मग तो सांगत गेला.
ओढा रुळाखालच्या मोरीतून येतो आणि कुठं थबकतो,
खेकड्यांची बिळं कोणत्या बांधाला,
त्याच्या बापाच्या वेळी पाणी मोरीच्या कितव्या दगडाला लागलं होतं,
टिटवी अंडी कुठं घालते:
उघड्यावरच, खडीत, दिसतात पण दिसत नाहीत.
कन्नडात ती टिट्टिभ.
दोन्हीकडं तिचा आवाजच तिचं नाव.
दोन पानं भरली. पोचपावतीवर शिक्का बसला,
हरकत क्रमांक चौदा.

सुनावणीला मंडप होता, पंखे होते, साहेबांपुढं बाटल्या.
सातेरी बोलला तेव्हा मागच्या खुर्च्यांनी टाळ्या वाजवल्या.
साहेबांनी "नोंद घ्या" म्हटलं, नोंद घेतली गेली.
परिशिष्ट सात मात्र कुणीच उघडलं नाही.
मी घरी उघडलं, भात शिजेपर्यंत:
स्थानिक अकुशल मजूर, शक्यतो.
तीस वर्षं कौलं थापली,
छपराचा उतार नुसत्या डोळ्यानं सांगतो हा माणूस.
अकुशल. आणि शक्यतो.

अकरा दिवसांनी तो परत आला,
बरोबर भरमू, मष्णू, भट्टीवरच्या दोन बायका.
कंपनीचा माणूस जीपपाशीच थांबला, फोनवर.
गावातले चाळीस जण, कुशल दरानं, बावीस महिने.
पीएफ. हेल्मेट.
बायकांच्या पोरांसाठी सावलीची शेड आणि एक आया.
ही शेड मल्लव्वानं मागितली होती, तीनदा.
तिचं पोर गेल्या साली भट्टीच्या राखेत पाय भाजून बसलं.
बदल्यात एकच ओळ.

टायपिस्टनं विचारायचं नसतं.
मी विचारलं, "आणि टिटवी?"
"टिटवीला पीएफ कोण देतंय," सातेरी म्हणाला.
भरमू हसला. मल्लव्वा हसली नाही.
थोड्या वेळानं तोच म्हणाला,
"खाली लिव की, अंडी उठेपर्यंत बांधाकडं मशीन आणू नये."
मी लिहिलं. कंपनीच्या माणसानं वाचलं,
खिशातून पेन काढून त्यावर एक रेघ ओढली,
सरळ, पट्टी न लावता.
सातेरीनं रेघेखाली सही केली.

त्याला विकला गेलेला म्हणणारे गावात आहेत.
त्यांच्यातल्या तिघांना मीच अर्ज लिहून दिलेत,
त्याच यादीत नाव घाला म्हणून.

जुलैत तळघर भरलं.
कुणाला लागणार नाहीत त्या गाड्यांसाठी खोदलेलं तळघर.
पाणी तीन रात्री उपसलं तरी मोरीकडून येतच राहिलं.
चौथ्या दिवशी सकाळी सातेरी दुकानात आला,
डोळे लाल, पिवळं हेल्मेट काखेत.
"दोनशे एकेचाळीस नंबरचं पान वर आलंय बघ," म्हणाला,
आणि पगाराची पावती पुढं केली.

पदनाम पंपचालक. वर्ग कुशल.
तो शब्द त्यानं दोनदा वाचायला लावला.
मग टेबलावर तीस रुपये ठेवले.
वाचायचे मी घेत नाही,
हे त्याला माहीत आहे.