मात्रा उतरवताना

सहाला शटर अर्धं ओढते
आणि मॉरिस ब्लँचर्ड वाकून आत येतात.
कोटाला अजून धुराचा वास,
की मलाच तसं वाटतं;
धुरीघर बंद होऊन एकोणीस वर्षं झाली.

ग्रिम्सबीत वारा बंदराकडून सुटला
की दुकानाची घंटी आपोआप वाजते.
काउंटरवर पांढरा ट्रे मांडते,
गोळ्या मोजायचा, चपट्या पट्टीसकट.
ते कॅप्सूल उघडतात. आठवड्याच्या सात.
जाड बोटं; आयुष्यभर
हॅडॉकचा काटा न मोडता काढणारी.

आत राजगिऱ्याएवढे दाणे.
जानेवारीत एकशे छत्तीस होते.
आता एकसष्टवर आलोय.
नियमात हे बसत नाही.
नियमात होतं : दोन आठवडे अर्धी, मग बंद.
त्या दोन आठवड्यांत त्यांच्या डोक्यात वीज लवत राहिली,
जिना उतरताना भिंत सरकली,
आणि नवी डॉक्टर, भली मुलगी, म्हणाली,
जुना आजार उलटलाय.
मॉरिस म्हणाले, माझं दुःख मी ओळखतो.
ते हळू येतं, बूट काढून बसतं.
हे कुणी दुसरंच दार ठोकतंय.

माझंही सांगायला हवं.
मिरजेहून येऊन दोन वर्षं झालेली मी,
इंग्रजी जपून बोलणारी,
याच काउंटरवरून त्यांना म्हणाले होते :
मेंदूत एक रसायन कमी पडतं, इतकंच.
गाडीत तेल घालतो ना, तसं.
किती सोपं वाक्य. मला आवडायचं.
शेकडो जणांना दिलं, पिशवीसोबत, फुकट.
त्यांचं धुरीघर गेलं होतं,
भाऊ बोटीवरून परतला नव्हता,
आणि मी तेलाबद्दल बोलत होते.

आता म्हणतात, तसा पुरावा कधी नव्हताच.
परवा त्यांनी कात्रण आणलं, चार घड्या घालून.
रागाने नव्हे. बिल पुन्हा तपासून घ्यावं तसं.
“मग काय झालं होतं मला?”

आमच्याकडे मात्रा म्हणजे औषध,
सहाणेवर उगाळून मधातून चाटवायचं.
आणि मात्रा म्हणजे अक्षराच्या डोक्यावरची तिरकी रेघ :
एवढी एक काढली
की ‘मेला’चा ‘मला’ होतो.
हे सुचलं ते मराठीत.
ब्लँचर्डना कसं सांगणार?
“माहीत नाही,” म्हटलं. एवढंच इंग्रजीत आलं.

उलटंही खरं आहे, तेही लिहून ठेवते.
हीच कॅप्सूल घेऊन किएरा
रात्रपाळीला फिशफिंगरच्या पट्ट्यासमोर उभी राहते,
सकाळी पोराची वेणी घालते,
वाकडी, पण घालते.
तिच्यासमोर कुणी ते कात्रण नाचवलं
तर मी काउंटर ओलांडून बाहेर येईन.

एकसष्ट. आज तीन काढायचे.
मंगळवारी मॉरिस मासळीबाजारात रडले,
हेरिंगच्या पेटीपाशी, सगळ्यांदेखत.
इतक्या वर्षांत पाणी नव्हतं आलं, म्हणाले.
हे औषध सुटल्याचं, आजाराचं,
की भावाचं, उशिरा पोचलेलं?
त्यांनी विचारलं नाही.
मी पट्टीने दाणे सरकवत राहिले.

सातव्या कॅप्सूलचे दोन सरकले,
तिसरा घरंगळून लादीवर गेला.
दोघंही गुडघ्यांवर. फोनचा टॉर्च.
“राहू द्या,” मी म्हटलं, “काढायचाच होता.”
ते शोधतच राहिले.
काढलेले सगळे दाणे ते
मोहरीच्या रिकाम्या डबीत साठवतात.
परत लागले तर, म्हणतात.