टंच

वनमालाचा मेसेज आला रॉटरडॅमहून, रात्री पावणेदोनला:
अंकुशदादा, आपल्या उंबऱ्याखालची माती पाठव,
ओंजळभर पुरे.
आणि अण्णांची पहिली मूस कुठं सापडली तर बघ.

उंबरा कुठला आलाय आता.
विट्याकडं जाणाऱ्या रस्त्याला, त्या जागेवर
चार वर्षं झाली पेट्रोलपंप आहे.
चूल होती बरोबर तिथं हवेचं मशीन.
मी कळवलं नव्हतं.

अण्णा गेले बहात्तरच्या दुष्काळात, गलाई शिकायला,
खिशात एक पत्ता, टाकणखाराची पुडी.
ही जन्मली त्रिशूरला, भट्टीवरच्या माळ्यावर.
यात्रेला यायची. आठ-नऊ यात्रा;
सगळे दिवस बेरजेला धरले तरी महिना भरत नाही.
मराठी बोलताना हेल तिकडचा,
'ळ' मात्र आमच्याहून लख्ख.

मी माझ्या दुकानातला केर भरला,
पंक्चरच्या दुकानातला, श्रीखंडाच्या डब्यात.
मूस आणली पोपट देवकरांच्या अडगळीतून;
तेही चाळीस वर्षं गुवाहाटीला होते.
कुरियरवाल्यानं विचारलं, आत काय?
म्हटलं, घर.
तो म्हणाला, फॉर्मवर घर चालत नाही.
मग 'माती' लिहिलं.

फोटो आले. पांढरीफट खोली,
काचेखाली देवकरांची मूस, माझा केर, वर एक दिवा.
शेजारी कुणा व्हिएतनामी माणसाचं जाळं, पाण्याविना,
पलीकडं जाफन्याच्या बाईच्या अकरा किल्ल्या.
माणसं हात मागं बांधून वाकून बघतात,
देवळात वाकावं तशी,
फक्त बूट घालून.
खाली पट्टी: वडिलांचं घर.
दोन दिवस मला भाकरी गेली नाही.

तिसऱ्या दिवशी तिचाच फोन.
दादा, मी गलाईवाल्याची पोरगी.
डबा आला त्याच रात्री चिमूटभर धुऊन बघितली.
रबर निघालं. लोखंडाचा कीस. डिझेल.

मी गप्प.

तरी मांडली, म्हणाली.
अण्णा सांगायचे, केर कुणाच्याही दुकानाचा असो,
जाळून धुतल्याशिवाय टाकायचा नाही.
आता खरं सांग, तिथं काय आहे?

सांगितलं.
पंप, दोन नळ्या, भिंतीला थुंकलेलं,
चुलीच्या जागी हवा.
बराच वेळ लाइनवर नुसती खरखर.
मग म्हणाली, त्या हवेचा आवाज पाठव.

तर आज सकाळी मी पंपावर,
फोन पुढं धरून, उन्हात.
उसाचा ट्रॅक्टर लागलेला. नळी बसली, हवा सुटली,
काकूची फुंकणी ओल्या सरपणावर अशीच
आधी नुसती सुसायची, मग
मध्येच पोरगं म्हणालं,
काका, तुमची गाडी कुठाय?
तेही रेकॉर्ड झालं.
तसंच पाठवलं.