फुलपात्र

बत्तीस वर्षं दीपनगरला, कोळशाच्या पट्ट्यावर.
घरी आले की आधी रुमाल माझ्या हाती, काळा.
आणि लाईट जायची ती आमच्या फेकरीतच,
धुराडी खिडकीतून दिसत असताना.

निवृत्तीच्या पैशातून ही पेटी आणली,
शिलाई मशीनच्या डोक्याएवढी. फ्युएल सेल म्हणे.
"हायड्रोजन आत, हवा आत. जाळायचं काहीच नाही."
मग वीज येते कशातून?
"भेटीतून," म्हणाले,
आणि स्वतःच लाजले.

मे महिना. भर दुपारी लाईट गेली.
पेटी घुमायला लागली, पंखा फिरला,
कूलरला मात्र ताकद पुरेना.
मागच्या नळीतून थेंब. बऱ्याच वेळानं आणखी एक.
मी खाली फुलपात्र ठेवलं.

दिवेलागणीपर्यंत अर्धं भरलं.
बोट बुडवून चाखलं तर चवच नाही.
आमच्या बोअरसारखं मचूळ नाही, जड नाही,
जणू या पाण्यानं अजून गावच पाहिलं नाही.

सिलिंडर संपला की जळगावला न्यायचा.
भाव विचारला,
त्यांनी ऐकू न आल्यासारखं केलं.
फुलपात्र उचललं, चष्मा धुतला,
पंख्याखाली धरून बसले, न पुसता.

वाळला.
डाग नाही एकही.