दालन तीन, खिडकीजवळची खुर्ची

दहाला दारं उघडतात.
त्याआधीची वीस मिनिटं माझी.
कालव्याचा उजेड छतावर हलत असतो,
हीटरची नळी दोनदा खोकते,
आणि भिंतीवर ती दोघं, नवराबायको, गुडघे टेकून.
पाचशे वर्षं झाली, उठायचं नाव नाही.

तो कापडाचा व्यापारी.
कॉलरच्या कातड्याचा एकेक केस सुटा काढलाय,
दाढी करताना हनुवटीखाली राहिलेली खुंटंसुद्धा.
चित्रकारानं कुणाची भीड ठेवली नाही.
स्वतःचं नावही ठेवलं नाही.
पाटीवर लिहिलंय: अज्ञात, ब्रुज, ओकच्या फळीवर तैलरंग.
लोक आधी पाटी वाचतात, मग चित्र बघतात,
मग पुन्हा पाटी,
दोघांची साक्ष जुळते का ते ताडून बघत.

मी कला शिकलेली नाही.
सत्तावीस वर्षं मासळीबाजारात उभी होते,
गुडघे गेले तेव्हा ही खुर्ची मिळाली.
पण ताजं की शिळं, ते डोळ्यात बघून कळतं मला.
त्या बाईच्या डोळ्यांत पहिल्या दिवसापासून
काहीतरी बर्फावर ठेवल्यासारखं होतं.

मागच्या हिवाळ्यात प्रयोगशाळेतली माख्टेल्ट आली.
तिनं फळी उतरवली, यंत्रापुढं उभी केली.
पडद्यावर करड्या धुक्यातून
बाईच्या चेहऱ्याखालचा दुसरा चेहरा वर आला:
रुंद कपाळ, बसकं नाक,
हसण्याच्या बेतात.
"पहिली बायको," माख्टेल्ट म्हणाली. "बहुतेक.
वारली असेल. दुसरी आली.
ओकची फळी कशाला वाया घालवायची?
तोंड तेवढं बदलून घेतलं."

"आणि हात?"

तिनं चष्मा कपाळावर सरकवला,
पडद्याला नाक लागेल इतकी वाकली.
"हात पहिलीचेच."

त्या संध्याकाळी मी बटाटे सोलत होते
आर्लेटच्या सुरीनं.
लाकडी मूठ तिच्या अंगठ्यानं झिजवलेली,
तो खळगा माझ्या अंगठ्याला जरा मोठा पडतो.
फिर्मिन अंगणात सायकलच्या साखळीला तेल देत होता, शीळ घालत.
अकरा वर्षं झाली लग्नाला.
कोपऱ्यावरची म्हातारी अजून मला
चुकून आर्लेट म्हणून हाक मारते.
मी ओ देते.
बोट कापलं. फार नाही.

शनिवारी शाळेची पोरं येतात.
एकानं, यासिन त्याचं नाव, माझी बाही ओढली:
"तो बादलीवाला कुठं चाललाय?"
व्यापाऱ्याच्या खांद्यामागं खिडकी आहे, खिडकीत पूल,
पुलावर तांदळाच्या कणीएवढा माणूस.
मी त्याला रोज बघते, विचारावंसं कधी वाटलं नव्हतं.
"घरी," मी म्हटलं.
"मग पोचला का नाही अजून?"
"बादली काठोकाठ भरलीय. सांडेल म्हणून हळू चालतोय."
त्याला ते पटलं. मला अजून पुरतं पटलेलं नाही.

काल फिर्मिन मला न्यायला आला, पाच वाजता,
टोपी हातात घेऊन, चर्चमध्ये आल्यासारखा.
मी त्याला फळीसमोर उभं केलं
आणि काही सांगितलं नाही.
त्यानं गालिचा बघितला, कातडं बघितलं,
खिडकीतला पूल कुठला ते ओळखायचा प्रयत्न केला, चुकला.
मग बराच वेळ गप्प.
"अंगठी घट्ट होतेय बाईला," म्हणाला.

मी पडदे ओढले, दिवा मालवला.
बाहेर घंटाघर आपली नेहमीची धून
एक सूर गाळून वाजवत होतं.
पुलावर त्यानं माझा हात हातात घेतला,
पट्टी बांधलेलं बोट तेवढं बाहेर ठेवून.